शेवटचा हात कुणाचा?

बत्तीअप्पांकडे गाडी नेली, की ते आधी गाडीकडे बघायचेच नाहीत. तुमच्याकडे बघायचे. हातातली पकड खाली ठेवायचे, लाकडी स्टूल पायानंच तुमच्या दिशेनं सरकवायचे आणि विचारायचे, "शेवटचा हात कुणाचा?" बिघाड काय आहे, कधीपासून आहे, हे सगळं नंतर. या गाडीला याआधी कुणी हात लावला, कुठं लावला आणि कशाला लावला, ते आधी सांगायचं. "कुणीच नाही लावला हो," असं गिऱ्हाईक म्हणालं, की अप्पा "बरं" म्हणून दुसऱ्या कामाला लागायचे. गिऱ्हाईक ताटकळत बसायचं. मग एखाद्या चहानंतर त्याला काहीतरी आठवायचं.

"गाडी आपोआप बिघडत न्हाई," अप्पा म्हणायचे. "गाडीला काय अक्कल हाय का आपोआप बिघडायला? माणसाचा हात लागलेला असतोय."

एकदा माझ्यादेखत एक ट्रकवाला आला होता. त्यानं ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. अख्ख्या औसा रोडला कळायचं, की साहेब आता थांबणार आहेत. तो मुलाबाळांची शपथ घेऊन सांगत होता, की गाडीला कुणीही हात लावलेला नाही. अप्पा शांतपणे दुसऱ्या एका जीपच्या वायरी सोलत बसले. दुसरा चहा झाला तेव्हा ट्रकवाल्याला आठवलं, की मेव्हण्यानं हौसेनं गाण्याचा हॉर्न बसवून दिलाय. "मेव्हणा कुठाय?" अप्पांनी विचारलं. मेव्हणा ट्रकच्या केबिनमध्येच झोपला होता. त्याला उठवून अप्पांनी एवढंच विचारलं, की बाबा, वायर कुठनं घेतलीस. त्यानं डोळे चोळत ब्रेकलाईटच्या वायरीकडे बोट दाखवलं. पाच मिनिटांत काम झालं, आणि ट्रकवाला पुढचा अर्धा तास मेव्हण्याला जे बोलत होता ते लिहिण्यासारखं नाही.

अप्पांचं दुकान तेव्हा लातूरला औसा रोडवर होतं, पत्र्याचं. पाटीवर नाव नव्हतं, नुसता एक पिवळा बल्ब रंगवलेला होता. त्यावरून सगळे त्यांना बत्तीअप्पा म्हणायचे. खरं नाव आम्हाला बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या घरावरची पाटी वाचून कळलं आणि ते त्यांना मुळीच शोभत नव्हतं. ते मूळचे उदगीरकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी आणि ट्रकवाल्यांशी आपलं दखनी हिंदी. चिडले की तिन्ही भाषा एकदम यायच्या. गळ्यात दोन गोष्टी असायच्या. सदऱ्याच्या आत चांदीच्या डबीतलं लिंग आणि सदऱ्यावर त्यांचा दिवा. हा दिवा म्हणजे इंडिकेटरचा छोटा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. लिंगाची पूजा झाल्याशिवाय अन्न नाही आणि दिवा लावल्याशिवाय निदान नाही, हे त्यांचे दोन नियम.

कुणीतरी त्यांना आकडे दाखवणारा मीटर भेट दिला होता. तो त्यांनी ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात ठेवला. "हे आकडा दाखवतंय," ते म्हणायचे. "मला आकडा न्हाई, उजेड पायजे." पुढे मी भौतिकशास्त्र शिकले, आता कॉलेजात शिकवते, तेव्हा कळलं की म्हातारा बरोबर होता. खराब जोडातूनही मीटर पुरा आकडा दाखवतो, कारण तो वायरीकडून काही कामच करून घेत नाही. बल्ब काम करून घेतो. मग वायरीची खरी लायकी कळते.

आमची आणि अप्पांची ओळख झाली ती बाबांच्या लाल गाडीमुळे. माझे बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. रुमालालासुद्धा इस्त्री करणारा माणूस. आयुष्यात त्यांनी एकच वेडेपणा केला. सिंगापूरहून परतलेल्या हैदराबादच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी जुनी, दोन सीटांची, लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेतली. आमच्या घरात माणसं चार. "उरलेल्या दोघांनी काय एस्टीनं यायचं का?" आईनं पहिल्याच दिवशी विचारलं. बाबा गाडीचं बॉनेट पुसत राहिले.

त्या गाडीचे दिवे एरवी दिसायचेच नाहीत. बॉनेटमध्ये झाकलेले असायचे. बटण दाबलं की दोन्ही बाजूंची झाकणं वर यायची आणि दिवे उघडायचे. प्रत्येक दिव्याला आपली छोटी मोटर. घेतल्यावर महिनाभरातच डावा दिवा उठेना, म्हणून बाबा अप्पांकडे गेले. मी बारावीत होते, हट्टानं शेजारच्या सीटवर बसले होते. अप्पांनी गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "साहेब, डोळे कुठायत हिचे?" बाबांनी बटण दाबलं. उजवा दिवा वर आला. अप्पा दोन पावलं मागं सरकले आणि त्यांनी चक्क हात जोडले. तोवर निम्मा औसा रोड गोळा झाला होता.

पण हात जोडून झाल्यावर त्यांनी स्टूल सरकवलं. "शेवटचा हात कुणाचा?" बाबांनी हैदराबादच्या डॉक्टरांपासून सगळा इतिहास सांगितला. अप्पांनी दिवा लावून शोधलं. डाव्या मोटरची अर्थिंगची वायर जिथं बॉडीला जोडलेली होती, ती पट्टीच गंजून तुटली होती. अप्पांनी नवी वायर ओढली, खाली दुसऱ्या जागी जोडली आणि बटण दाबायला सांगितलं. दोन्ही दिवे एकदम उठले. बाबा इतके खूश झाले, की इस्त्रीच्या रुमालानं त्यांनी अप्पांच्या हाताचं ग्रीस पुसलं. घरी तो रुमाल बघून आईला आधी काहीतरी अपघात झालाय असंच वाटलं.

अप्पांची एक खोड तेव्हाच पाहिली. प्रत्येक जोडावर ते लाल करदोड्याचा एक तुकडा गाठ मारून बांधायचे. मी विचारलं, की ही दृष्ट काढायला का? ते हसले. "इल्ला, इल्ला. ही माझी सही हाय. उद्या काही झालं, तर पुढच्या मेकॅनिकला कळायला पायजे हात कुणाचा होता. काम करायचं आन् नाव लपवायचं, हे चोरानं करावं." गाडी निघताना त्यांनी बाबांना दोन सूचना दिल्या. माझ्या दारात हिनं डोळे उघडून यायचं, ही पहिली. दुसरी दसऱ्याची. "पूजा करताना दिवे वर ठेवायचे, साहेब. मिटलेल्या डोळ्याला कुंकू लावू नये."

बाबांनी दोन्ही सूचना पाळल्या. आम्ही लातूर सोडून नांदेडला आलो, बाबा निवृत्त झाले, तरी दर दसऱ्याला गाडीचे दिवे वर करून पूजा व्हायची. आई दोन्ही दिव्यांना हळदकुंकू लावायची, झेंडूचा हार घालायची, नारळ फोडायची आणि त्याचं पाणी आधी उजव्या, मग डाव्या दिव्यावर शिंपडायची. तिला एरवी गाडीत बसायला लाज वाटायची, पण पूजेत कसर नसायची.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. गाडी माझ्याकडे आली, कारण पुण्याच्या दादाला ती ठेवायला जागा नव्हती आणि वहिनीला इच्छा नव्हती. मी ती चालवू लागले. आणि बाबांनंतरचा दुसरा दसरा झाला, त्याच्या पुढच्या आठवड्यात गाडी डोळा मारायला लागली.

हे मी गमतीनं म्हणत नाहीये. संध्याकाळी दिवे लावले, की उजवा दिवा शहाण्यासारखा उभा राहायचा आणि डावा खालीवर, खालीवर करायचा. वजिराबादच्या चौकात सिग्नलला उभी असताना माझ्या गाडीनं वाहतूक पोलिसाला डोळा मारला. तो बिचारा दुसरीकडे बघायला लागला. एका ऑटोवाल्यानं मात्र उलट डोळा मारला. कॉलेजात तर आठ दिवसांत झालंच, "मॅडमची गाडी डोळा मारते." पंचेचाळीस वर्षांची, चष्मा लावणारी, अंतर्गत गुणांत कंजुषी करणारी प्राध्यापिका मी. माझी ही अवस्था.

नांदेडातल्या तीन मेकॅनिकांनी तीन वस्तू बदलल्या. एकानं मोटर, दुसऱ्यानं रिले आणि तिसऱ्यानं बटण. प्रत्येक वेळी दिवा चार दिवस नीट वागायचा आणि पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. त्यात गाडीची नोंदणी संपत आली होती. जुन्या गाडीची तपासणी होऊन पुढची पाच वर्षं मिळतात, पण एक दिवा असा नाचत असेल तर कोण पास करणार? दादाचा फोन आला. त्यानं एक गिऱ्हाईक शोधलं होतं. हायवेवरच्या एका हॉटेलच्या मालकाला आपल्या दारात चबुतरा बांधून, त्यावर ही गाडी ठेवायची होती. इंजिन काढून, चाकं पक्की करून. लोक तिथं फोटो काढतील म्हणे. "तिची काळजी तरी घेतील," दादा म्हणाला. "तपासणीत नापास झाली तर दुसरं काय करणार आहेस तू?"

मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "इडली खायला येणारी पोरं यांच्या गाडीवर चढून बसतील." त्या एका वाक्यावर मला रडू फुटलं. बाबा गेले तेव्हाही मी एवढी रडले नव्हते. नोंदणी संपायला अठरा दिवस उरले होते.

अप्पांचं दुकान बंद होऊन काही वर्षं झाली होती. शिरूर अनंतपाळला ते आणि काकू दोघंच राहतात, मुलगा लातूरला बँकेत आहे, एवढं कळलं. डोळा मारणारी गाडी घरीच ठेवून मी रविवारी एस्टीनं गेले. अप्पा अंगणात बाजेवर बसलेले. वाळले होते, पण गळ्यात दिवा तसाच होता. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. "लाल गाडीवाल्या साहेबांची पोरगी," मी म्हणाले, तेव्हा चेहरा उजळला. बाबा गेल्याचं सांगितलं, तेव्हा ते नुसते मान हलवत राहिले.

काकूंनी जेवल्याशिवाय बोलू दिलं नाही. ज्वारीची भाकरी आणि आमटी. पहिला घास घेतल्याबरोबर अप्पांनी वाटीकडे बघून विचारलं, "मीठ जास्त झालंय. शेवटचा हात कुणाचा?"

"माझाच," काकू तवा उतरवत म्हणाल्या. "घरात दुसरं कोण हाय? पन्नास वर्षं झाली, एकच सवाल. आमटी हाय ती, ट्रक न्हाई."

मी हसले, आणि मग मला दिसलं, की अप्पांच्या हातातली वाटी थरथरत होती. त्यांनी ती पटकन खाली ठेवली. जेवणानंतर मी येण्याचं कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं सारखी हलत होती. "बघ. या हातानं आता बटण लागत न्हाई सदऱ्याचं. काकू लावती. वायर काय जोडणार? खामखा तुझी उमेद कशाला वाढवू?" आवाजात तक्रार नव्हती. पण हात त्यांनी लगेच धोतराच्या सोग्यात लपवले.

उठता उठता नुसतं सांगायचं म्हणून मी सांगितलं, की तीन मेकॅनिक झाले, मोटर, रिले, बटण सगळं बदललं. अप्पा एकदम सरळ बसले. "तिघांनी बदलाबदली केली. शोधलं कुणी?" मी तशीच थांबले. "पार्ट बदलणारा मेकॅनिक नसतोय, दुकानदार असतोय. बस खाली. ह्या तिघांच्या आधी शेवटचा हात कुणाचा?"

मी म्हणाले, कुणाचाच नाही.

"बरं," अप्पा म्हणाले आणि काकूंना चहा ठेवायला सांगितलं. मला हसूही येईना. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी मी जणू त्याच स्टुलावर येऊन बसले होते. चहा संपेपर्यंत मला आठवलं ते एवढंच, की दिवा दसऱ्यानंतर बिघडला. अप्पांनी कप ठेवला आणि काकूंना म्हणाले, "पिशवी भर. नांदेडला जाऊन येतो." काकूंनी एका अक्षरानं विरोध केला नाही. पिशवी त्यांनी आधीच भरायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात अप्पा गाडीसमोर खुर्ची टाकून बसले. सोबत मी आणि आई. गाडीचे दिवे वर केले होते आणि डावा आपलं काम इमानेइतबारे करत होता. अप्पांनी डोळे मिटले आणि नुसतं ऐकत राहिले. "मोटर चांगली हाय," ते म्हणाले. "ताकद मिळंना तिला." मग आईकडे वळले. "वहिनी, दसऱ्याला गाडीला हात कुणाचा लागला?"

"माझा," आई म्हणाली आणि लगेच ताठ झाली. "पण मी कुंकू लावलं, अप्पा. पाना नाही लावला."

"नारळ?"

"फोडला. तो काय फोडायचा नाही?"

"पाणी कुठं शिंपडलंत?"

आईनं वर आलेल्या डाव्या दिव्याकडे बोट केलं. "दोन्ही दिव्यांवर. दर वर्षी शिंपडते. तुम्हीच तर यांना सांगितलं होतंत, दिवे उघडून पूजा करायची म्हणून."

अप्पांनी गळ्यातला दिवा काढून माझ्या हातात दिला. एक वायर बॅटरीच्या प्लसला लावायला सांगितली. दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडाला टेकवली, तर बल्ब लख्ख पेटला. "आता उजव्या मोटरची काळी वायर जिथं बॉडीला जोडलीय, तिथं." लख्ख. "आता डाव्या." डाव्या दिव्याच्या खाली, खोलगट कोपऱ्यात हात घालून मी वायर टेकवली. बल्बची नुसती तार लाल झाली, उदबत्तीएवढी.

"हिथं उजेड मेला," अप्पा म्हणाले. "काय दिसतंय?"

मी मोबाईलचा टॉर्च लावून वाकले. त्या कोपऱ्यात पांढरट हिरवी बुरशीसारखी साय जमली होती, कुंकवानं लालसर झालेली. स्क्रू त्यात बुडाला होता. नारळाचं पाणी वरून ओघळून बरोबर तिथं साचत होतं. मी काडीनं ती साय खरवडली आणि जोडावरची एक गाठ मोकळी झाली. विटलेला, काळपट झालेला करदोड्याचा तुकडा होता तो.

अप्पांनी हात पुढं केला. मी तो दोरा त्यांच्या थरथरत्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला.

"हात माझाच हाय," ते म्हणाले.

आई म्हणाली, "असू द्या हो अप्पा, इतकी वर्षं चाललं ना."

"न्हाई, वहिनी. वरती जागा होती. तिथं हात घालायला अवघड होतं. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, म्या घाई केली, सोपी जागा बघून खाली जोडली. आन् वर तोंडानं सांगितलं, की दिवे उघडून पूजा करा." ते माझ्याकडे वळले. "पण मग पयल्याच दोन-तीन वर्षांत जायला पायजे होतं हे. पंचवीस वर्षं कसं टिकलं?"

मग आईच हळूच म्हणाली, "ते पुसायचे." पूजा झाली, सगळे जेवायला आत गेले, की बाबा कोरडं फडकं घेऊन बाहेर थांबायचे. बॉनेट उघडून काहीतरी पुसत बसायचे. आई हाका मारायची, पुरण गार होतंय म्हणायची आणि ते म्हणायचे, "आलोच." तिला वाटायचं, गाडीचं वेड. दर वर्षी ती चिडायची. बाबा गेल्यावर दोन दसरे तिनं पूजा केली, पण पुसायचं असतं, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

"साहेबांना मालूम होतं," अप्पा म्हणाले. "इंजिनिअर माणूस. त्यांना दिसलं होतं, म्या चुकीच्या जागी जोडलंय. मला बोलले न्हाईत. जोड बी बदलला न्हाई. तुमची पूजा बी थांबवली न्हाई. नुसतं पुसत राहिले." त्यांनी तो दोरा मुठीत धरला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. आई आत निघून गेली. मी तिथंच गाडीला टेकून उभी राहिले. बाबांची मला इतकी आठवण कधीच आली नव्हती, आणि का कोण जाणे, त्या आठवणीनं बरंही वाटत होतं.

अप्पांनी रडण्याला फार वेळ दिला नाही. "चल. आता अवघड जागी जोडायचं. हात तुझे, डोळे तुझे, तोंड माझं." मी आयुष्यभर मुलांना विजेचे नियम फळ्यावर शिकवले, पण गाडीची एक वायर कधी जोडली नव्हती. सोल्डरिंग करताना दोनदा बोट भाजलं. पहिला जोड अप्पांनी नुसता ओढून बघितला आणि तो हातात आला. "पुन्हा," ते म्हणाले. दुसराही त्यांना पसंत पडला नाही. तिसऱ्या वेळी मी वरच्या अवघड जागेत कोपरापर्यंत हात घालून, लोखंड पांढरं होईस्तोवर घासून, स्क्रू आवळला. अप्पांनी दिवा टेकवायला सांगितलं. लख्ख पेटला. मग बटण. दोन्ही दिवे एकदम वर आले आणि उभे राहिले. आम्ही अर्धा तास त्यांच्याकडे बघत बसलो. डाव्यानं पापणीसुद्धा हलवली नाही.

"सही कर," अप्पा म्हणाले. मी करदोडा मागितला, तर त्यांनी मान हलवली. "तो माझा. तुझा आण." आईच्या शिवणाच्या डब्यातून मी निळा दोरा आणला आणि जोडावर गाठ मारली.

तपासणीला अप्पा माझ्या शेजारी बसून आले. अधिकारी तरुण होता. त्यानं चार वेळा दिवे खालीवर करून घेतले, बहुतेक नियमापेक्षा हौसेपोटी. "काम छान केलंय. कुणी केलं?" त्यानं विचारलं. मला एकदम संकोच वाटला. "यांनी," मी अप्पांकडे बोट करून म्हणाले. "लातूरचे बत्तीअप्पा." गाडी पास झाली. मी आनंदानं अप्पांकडे बघितलं, तर ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते.

घरी पोचल्यावर उतरताना ते म्हणाले, "खोटं बोललीस, ताई."

मी म्हणाले, की शोधलं तुम्ही, शिकवलं तुम्ही, मी काय केलं?

"जोड तुझा हाय. उद्या बिघडला, तर तो साहेब मला शोधत शिरूरला येणार. मी असंन का नसंन. नाव सांगायला लाजायचं न्हाई. चांगलं झालं तरी माझं म्हणायचं, बिघडलं तरी माझं म्हणायचं." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "जोड चांगला हाय. अवघड जागी हाय." एवढीच शाबासकी. माझ्या पीएच.डी.च्या वेळीही मला एवढा आनंद झाला नव्हता.

दादाला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, नाताळच्या सुट्टीत येतो, एक चक्कर मारू दे. हॉटेलवाल्यानं आता चबुतऱ्यावर सिमेंटचा घोडा बसवलाय. येता-जाता दिसतो. बरा आहे.

पुढच्या दसऱ्याला आम्ही दिवे उघडूनच पूजा केली. आईनं नारळ फाटकाच्या पायरीवर फोडला, पाण्याचा एकेक थेंब बोटानं दिव्यांना लावला आणि मग स्वतःच कोरडं फडकं घेऊन बाहेर थांबली. मी जेवायला हाक मारली. "आलेच," ती म्हणाली. मी अप्पांना फोन करून हे सांगितलं. ते खूप हसले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आता एखाद्या गटाचा प्रयोग फसला, की मुलं माझ्याकडे येण्याआधी एकमेकांना विचारतात, "शेवटचा हात कुणाचा?" आधी भांडणं व्हायची. आता सहसा एक हात वर होतो आणि प्रयोग पुढं सरकतो. हेही मला अप्पांना सांगायचं होतं.

ते राहिलं. या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. अप्पा सकाळी पूजेला बसले आणि पूजेतच गेले, लिंगैक्य झाले. मी त्याच आठवड्यात लाल गाडी काढली आणि आईला शेजारी बसवून शिरूर अनंतपाळला गेले. भर दुपार होती, तरी त्यांच्या गल्लीत वळताना मी बटण दाबलं. त्यांच्या दारात डोळे मिटून जाणं शक्य नव्हतं.

काकू बाहेर आल्या. आईनं त्यांचे हात हातात घेतले. मग काकू गाडीजवळ आल्या. या गाडीबद्दल त्यांनी इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं. त्यांनी उजव्या दिव्यावर हात ठेवला, मग डाव्या. डाव्यावर जरा जास्त वेळ. दिवे ऊन पडूनही पेटलेले दिसत होते.

"आता नीट उभा राहतोय का हा?"

"हो काकू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाज अगदी त्यांच्या नवऱ्यासारखा खणखणीत निघाला.

"शेवटचा हात कुणाचा?"

"माझा," मी म्हणाले.

"मग ये घरात," काकू म्हणाल्या. "चहा ठेवते."